नदी, पहाड आणि नरहरी कापगते

भिलाईच्या स्टील प्लँटमधून रिटायर झाल्यावरही नरहरी कापगते रोज वाकून गॅसची नळी तपासत आणि पाहुण्यांना जिन्याचा कठडा धरायला लावत. सगळी नोकरी सेफ्टी विभागात गेलेली. "यायले देवानं हेल्मेट घालूनच पाठवलं," असं त्यांच्या बायकोचं, सिंधुताईंचं मत होतं.

या माणसाच्या वाट्याला नात आली टीना. सात वर्षांची, सगळं ऐकणारी, सगळं समजणारी, पण न बोलणारी. पायात मात्र भिंगरी.

सेक्टरच्या बगिच्यात संध्याकाळी पोरं नदी-पहाड खेळत. ज्याच्यावर डाव, त्याला बाकीचे ओरडून विचारणार, "नदी की पहाड?" तो नदी म्हणाला की खालची जमीन त्याची, बाकीच्यांनी चबुतऱ्यावर चढायचं आणि त्याला चिडवायला खाली उतरायचं; पहाड म्हणाला की उलट. सापडेल त्याच्यावर पुढचा डाव. टीना नदीही म्हणू शकत नव्हती आणि पहाडही, म्हणून पोरांनी तिला दूधभात करून टाकलं होतं. दूधभात म्हणजे आपला लिंबूटिंबू. पळायचं, पण पकडलं तरी बाद नाही आणि डावही नाही. नरहरींना ही व्यवस्था फार पसंत होती. टीनाला अजिबात नव्हती. ती मुद्दाम पकडणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राही, तो तिला वळसा घालून निघून जाई आणि रात्री घरी ताट ढकललं जाई.

टीनाला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सुचवलं की बगिच्यात चित्रांची पाटी लावा, चित्रावर बोट ठेवून पोर बोलेल. झालं, नरहरींच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्यांनी पत्रा आणला, घासला, पिवळा रंगवला, कडेनं काळे पट्टे ओढले. वर पाण्याचा नळ आणि बाथरूम. खाली पळणारा मुलगा, त्यावर लाल फुली. घसरगुंडीवर उलटा चढणारा मुलगा, लाल फुली. झोक्यावर उभी राहिलेली मुलगी, तिच्यावर तर दोन फुल्या.

पोरांनी पाटी पाहिली आणि बगिचा बंद झाला असं समजून ती गल्लीत खेळायला गेली. मागे उरले नरहरी, टीना आणि पाटी. इतका सुरक्षित बगिचा अख्ख्या भिलाईत नसेल. टीना गल्लीकडे कान लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हर्षानं, म्हणजे पोरांच्या म्होरकीनं, त्यांना गाठलं. "आजोबा, या पाटीत नदी-पहाड कुठी हाय?"

"तिले तहान लागली तं सांगता आलं पायजे ना."

"तहान लागली तं ती सीधा नळावर जाते. ते कायले सांगन? तिले डाव पायजे."

नरहरींनी पिवळ्या रंगाचा डबा पुन्हा उघडला आणि एकेक चित्र पुसून टाकलं. नळ तेवढा राहू दिला. शेवटी स्वभावाला औषध नाही. मग अर्ध्या पत्र्यावर निळी नदी आली आणि अर्ध्यावर तपकिरी पहाड.

"आजपासून टीना दूधभात नाही," हर्षानं पोरांना गल्लीतून परत आणून जाहीर केलं. पोरांचा विश्वास बसायच्या आत, ज्याच्यावर डाव होता त्या शुभमनं टीनाला पकडलंसुद्धा.

नरहरी ताडकन उठले. "अरे, ती बाद नाही..."

टीना वळली. तिनं आजोबांचा हात धरला, त्यांना बाकापर्यंत नेलं आणि खांदे दाबून खाली बसवलं. मग पाटीकडे गेली आणि नदीवर अख्खा पंजा ठेवला.

"नदी!" पोरं किंचाळत चबुतऱ्यावर चढली. टीना धावली, पडली, उठून पुन्हा धावली. तिच्यावर दया म्हणून कोणी सापडलं नाही, आणि नरहरी बाकाची कड घट्ट धरून बसून राहिले. दिवे लागले तरी डाव तिच्यावरच होता. घरी जाताना ती हुंदके देत आजोबांच्या सदऱ्याला नाक पुसत होती.

दारात सिंधुताई घाबरल्या. "कावून रडून राहिली पोरगी? कोणी काही केलं का?"

"कोणी काही नाही केलं," नरहरी म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि ते डोळेही पुसत होते. "हारली."