रिकाम्या खोलीचा शॉट

समोरच्या खिडकीतली खुर्ची आज हलवली. टोरांटोच्या बर्फात ती थोडा वेळ फुटपाथवर उभी होती, गाडी चुकलेल्या माणसासारखी.

खुर्ची माझ्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांची. उमेदीच्या काळात त्यांनी सिनेमे काढले. खोड एकच, पात्रं निघून गेली तरी कॅमेरा थांबवायचा नाही. रिकामी खोली दिसत राहायची आणि लोक कंटाळून उठून जायचे. निर्माते म्हणाले, तेवढं कापा. यांनी कापलं नाही. हळूहळू कामच मिळेनासं झालं.

"माणूस गेल्यावरच खोली खरं बोलते," ते म्हणायचे.

एकदा त्यांच्याकडे चहा पिऊन उठताना मी सवयीनं मराठीतच "येते" म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला. निघताना आम्ही 'जाते' म्हणत नाही, मी सांगितलं. ते खूप हसले. "मग तुमच्या देशात माझा सिनेमा चालायचा नाही. तिथं खोली रिकामी होतच नाही!"

गेल्या महिन्यात त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं, तेव्हा मी त्यांच्या इमारतीच्या दारातच होते. मला बघून ते पुटपुटले, "येते."

पुरुषानं 'येतो' म्हणायचं असतं. परत आले की सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

आता त्या खिडकीला पडदाही नाही. आत नुसती भिंत आहे, आणि खुर्चीच्या पाठीनं घासून पडलेला डाग. त्यांचे प्रेक्षक जिथं उठून जायचे, तो शॉट सुरू झालाय.

मला उठवत नाही.