ठोंब्याची साखळी

नीलिमा देवधर भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे. सरकारी बँकेत तीस वर्षं काढली, पण बदलीच्या कागदाखेरीज कशाला घाबरली नाही. पन्नाशीत साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला, तर ही थेट धावायलाच लागली. सोबतीला ठोंब्या. उत्तरेतल्या बदलीच्या गावी, सांगानेरला कागदाच्या कारखान्यामागे सापडलेलं हे कुत्रं 'बस' म्हटलं की हटकून उठायचं, म्हणून हे नाव. धावण्यात मात्र पठ्ठ्या हुशार. मालवीय नगरच्या गल्ल्यांतून सहा वर्षं तो तिच्या डाव्या गुडघ्याशी धावला आणि तिथली कुत्री त्याच्यावर भुंकून घसा कोरडा करत राहिली.

दिवाळीनंतर तो गेला. तीन दिवस नीलिमाच्या घशाखाली घास उतरला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सवयीने साखळी हातात घेऊनच ती धावायला निघाली.

तर कुत्री भुंकलीच! कोपऱ्यावरच्या चहावाल्या सुखदेवने ते आधी हेरलं. "मैडमजी, ये आप पे नहीं भौंक रहे," तो हळूच म्हणाला. "आपके बाजू में देख रहे हैं."

सगळ्या कुत्र्यांच्या नजरा तिच्या डाव्या गुडघ्याशी खिळल्या होत्या. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

"साखळीला वास येतो त्याचा, दुसरं काय!" नवरा, मनोहर, हसला.

पुढे तिची नाशिकला बदली झाली आणि नीलिमाला एकच घोर लागला. हा बरोबर येईल का?

निघायच्या सकाळी ती साखळी घेऊन शेवटची धावली. पहिल्या गल्लीत कुणी भुंकलं नाही. दुसऱ्या गल्लीत पिवळा कुत्रा उठला, तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग कधी नव्हे ते तिच्या तोंडाकडे पाहून गुरगुरला. आज गुडघ्याशी कुणीच नव्हतं. ती धावतच परतली.

घराच्या फाटकापुढे दहाबारा कुत्री जमून भुंकत होती. फाटकाच्या आत, पायरीकडे बघून. पायरीवर कुणीच नव्हतं.

"चल रे," नीलिमा म्हणाली. "चल, गाडीत चल." साखळी वाजवून पाहिली. कुत्री पायरीकडेच बघत राहिली. मग मात्र तिला रडू आवरेना.

मिक्सरचा खोका उचलून मनोहर बाहेर आला. आधी वैतागला, मग बायकोकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं. खोका खाली ठेवला. गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि पायरीकडे वळून जुन्याच दटावणीच्या आवाजात म्हणाला, "ठोंब्या, बस!"

भुंकणं थांबलं. सगळ्या माना पायरीवरून हळूहळू फाटकाकडे वळल्या, फाटकातून गाडीकडे, आणि उघड्या दाराशी येऊन थांबल्या.

मनोहरचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने दार अलगद लावलं. मिक्सरचा खोका मागे न ठेवता पुढे बसलेल्या बायकोच्या मांडीवर दिला, आणि निघण्यापूर्वी मागची डावी काच दोन बोटं खाली केली.