परदेशी शेठची उचल

पलसाण्याच्या कापड गिरणीत रंग बनवणाऱ्या त्या रंगमास्तरची केस आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. तेव्हा मी ठाण्याचा इन्चार्ज होतो. एका दुपारी बाईचा फोन आला: बमरोलीतला एजंट परदेशी नोकरीच्या नावाखाली लोकांची घरे गहाण टाकायला लावतोय. तिने स्वतःचे नाव सांगितले नाही. स्टेशन डायरीत नोंद करून मी एजंटाला फाइलींसह उचलून आणले.

व्हिसा बनावट असणार, असे मी धरूनच चाललो होतो. पण व्हिसा खरा, कंपनी खरी, कापड रंगवायचे कामही खरे. एजंट निवांत, अर्ध्या गुजरातीत म्हणाला, "साहेब, माणूस बोलवायला तिकडच्या शेठला सरकारी फी बसते. एटलो खर्चो कोण भरे? कारीगराकडून घेतो, पुढे पाठवतो."

मग फाइलीत नाव असलेल्या रंगमास्तरला बोलावले. खानदेशी माणूस, गोडादऱ्यातले घर गहाण टाकून बसलेला. पैसे दिल्याचे लगेच कबूल केले, पण तक्रार काही देईना. मी तासभर डोकेफोड केली, तेव्हा तो म्हणाला,

"साहेब, शेठनी मनाकरता पैसा भरा, ती उचलच व्हयनी ना? फेडाले नको?"

मालकाने त्याच्यासाठी भरलेली फी त्याच्या लेखी उचलच होती. आमच्याकडे शेठ आगाऊ पैसे, म्हणजे उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कारीगर बांधलेला असतो. याने तोच नियम परदेशाला लावला होता.

फाइल पुन्हा चाळताना कंपनीचे पत्र सापडले. फी मालकाचीच, कामगाराकडून वसूल करायची नाही. फोन लावला तेव्हा तिकडचा मॅनेजर म्हणाला, "फी आम्ही कधीच भरली. कामगाराकडून कोणी पैसे घेतल्याचं निघालं, तर त्या कामगाराचाच व्हिसा जाईल." म्हणजे एजंटाने सगळे गिळले होते. आता गुन्हा नोंदवला तर घर वाचणार, नोकरी जाणार.

मास्तर हात जोडून म्हणाला, "लिहू नका साहेब."

मागे उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "लिखा साहेब. फोन मीच करेल व्हता."

मी तिची फिर्याद लिहून घेतली. एजंटाकडून रक्कम हस्तगत झाली, पुढे कोर्टाच्या हुकमाने ती मिळाली, घर सुटले. व्हिसा रद्द झाला.

निवृत्तीनंतर एकदा मास्तर माझ्या दारात आला. हात अजूनही रंगाने निळे. म्हणाला, "साहेब, त्या परदेशना शेठना पत्ता मिळी का? त्यानी भरेल फी वाया गई. थोडी थोडी फेडसू."

तू कोणाचे काही देणे लागत नाहीस, हे मी त्याला तीनदा समजावले. तो मान हलवत बसून राहिला. खोटे बोलणारा माणूस मला नोकरीभर लगेच ओळखता आला, पण इतक्या खऱ्या माणसाशी कसे वागायचे हे मी कुठेच शिकलो नव्हतो.

कंपनीचा पत्ता मला पाठ होता. मी आठवत नाही म्हणालो. बरोबर केले की चूक, अजून कळत नाही.