सोवळ्यातलं लाकूड

शिवडीच्या गोदामांच्या गल्लीत आमचा कारखाना आहे. परदेशी लोक ज्यावर भाजी चिरतात ते पाट आम्ही बनवतो. आपला पोळपाटच, फक्त पाय काढलेला आणि किंमत वाढवलेली. मी तिथलं ऑफिस सांभाळते. मागच्या वर्षी गिऱ्हाइकाने कळवलं की यापुढे जंगलाचं सर्टिफिकेट नसेल तर माल नको. म्हणजे झाड नियमाने, बेताने तोडलेलं हवं आणि ते लाकूड जंगलापासून पाटापर्यंत साध्या लाकडात कुठेही मिसळता कामा नये. शेठ म्हणाले, ऑर्डर गेली तर गाळा विकून भिवंडीला जाऊ. आमच्या मिस्त्रींना घामच फुटला. मूळचे मालवणचे, राहणार लालबागच्या चाळीत, गुडघे कामातून गेलेले. भिवंडी म्हणजे त्यांची नोकरी संपलीच.

मग भिंतीवर पर्यावरण धोरण लागलं. खाली सही शेठची. त्यांची गाडी गेटाबाहेर इंजिन चालू ठेवून उभी असते, आतला एसी गार राहावा म्हणून. सर्टिफाइड लाकडाच्या टोकांना हिरवा रंग दिला, त्याच्या थप्पीभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारला. सर्टिफिकेटसाठी नेमलेल्या सल्लागाराने सकाळभर इंग्रजीत समजावलं, कारागिरांनी माना डोलावल्या आणि दुपारी त्याच थप्पीवर साधं लाकूड रचून मोकळे झाले. माझं डोकं सटकलं. मी दादरच्या कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली. म्हटलं, "मिस्त्री, हे लाकूड सोवळ्यातलं. साध्याला शिवलं की बाटलं." एका वाक्यात काम फत्ते. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री त्या पट्ट्यात चपला काढून जायला लागले. सल्लागाराच्या फीत मलाही वाटा मिळायला हवा होता, असं अजून वाटतं.

ऑडिट नेमकं गणपतीत आलं. ऑडिटर मॅडम पुण्याच्या, बोलायला गोड आणि नजरेला कडक. पट्ट्यात पाहिलं तर थप्पी अर्धी गायब.

"लाकूड कुठंय?"

"मंडळात," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

त्यांच्या चाळीच्या गणपतीला चौथऱ्यासाठी आमच्या फळ्या दर वर्षी जातात आणि विसर्जनानंतर परत येतात. शेठच्या वडिलांनी सुरू केलेली प्रथा. पण जायच्या त्या साध्या फळ्या.

"बाई, तुम्हीच म्हणालात ह्या सोवळ्यातला," मिस्त्री मला म्हणाले. "मगे देवाक काय दुसरा देवचा?"

आम्ही तिघं टॅक्सीने लालबागला गेलो. मॅडमनी चपला काढल्या, हात जोडले, मग चौथऱ्याची झालर वर करून वाकून बघितलं. सगळी हिरवी टोकं जागच्या जागी होती. मोदक खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "लाकूड तुमच्या ताब्याबाहेर गेलं. आता ते साधंच धरायचं. आणि पुन्हा असं जाणार नाही याची व्यवस्था दाखवा, तरच सर्टिफिकेट."

"म्हणजे देवाकडे जावन इला म्हणान लाकूड बाटला?" मिस्त्रींनी विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गणपतीकडे पाहत राहिले.

व्यवस्था म्हणजे दुसरं काय, प्रथा बंद. एकही फळी गेटाबाहेर जाणार नाही, साधीसुद्धा नाही. मंडळाला ते सांगायचं काम शेठनी मिस्त्रींवरच टाकलं, कारण मंडळ त्यांचं. मिस्त्री गेले आणि सांगून आले. सर्टिफिकेट आलं, काचेच्या फ्रेममध्ये लागलं. गाळा राहिला, मिस्त्रींची नोकरीही राहिली. शेठनी पेढे वाटले.

यंदा मंडळाने डेकोरेटरकडून भाड्याने फळ्या आणल्या. त्या कुठल्या जंगलातल्या, हे कुणी विचारलं नाही. मी दर्शनाला गेले तेव्हा मिस्त्री चाळीच्या जिन्यात एकटेच बसले होते. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "चला ना मिस्त्री, जाऊ आत."

"हात जोडलंय हयसूनच," ते म्हणाले. "त्या चौथऱ्याजवळ जावक तोंड नाय माका, बाई."