गुडघ्यांखालची गोधडी

हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, पाद्रीसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

आमचं परळचं अँग्लिकन चर्च आणि विलायतेत कापडगिरण्यांच्या गावातलं एक चर्च, यांची जोडी जमली होती. ते आमच्या दवाखान्याला औषधं पाठवत, आमच्या बायका त्यांच्या वेदीसाठी कशिद्याची वस्त्रं. शिवाय घराला घर जोडून दिलेलं — दर रविवारी त्यांनी आमच्या आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची, आम्ही त्यांच्या. आईच्या वाट्याला इडिथबाई आल्या. दोघी गिरणीत राबलेल्या, दोघींच्या छातीत कापूस. आई खिडकीपाशी गोधडीच्या घडीवर गुडघे टेकायची आणि त्यांचं नाव घ्यायची.

मला राग यायचा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, मी मोर्च्यात ओरडून घसा बसवून यायची, आणि घरात ही म्हातारी एका इंग्रजिणीसाठी गुडघे झिजवतेय! इंग्रज गेले ना? मग?

जाताना आईने एवढंच मागितलं, "तिला सोडू नको गं. वाट बघते ती." मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणतं?

एकदाही प्रार्थना केली नाही. इडिथबाईंना मात्र कळवलं — आईची जागा आता मी घेतलीय. त्यांनी मला स्वतः विणलेला स्वेटर पाठवला. मला विषमज्वर झाला तेव्हा त्यांचं सगळं चर्च माझ्यासाठी प्रार्थनेला बसलं. मी बरी झाले. घेताना मला इंग्रज कधी आठवले नाहीत.

आणि ती गोधडी — मी ती माळ्यावर टाकायची. रविवारी चर्चहून येऊन कुलूप काढावं, तर ती खिडकीपाशी. वर गुडघ्यांचे दोन खळगे. हात लावला तर ऊब. आधी वाटलं, मीच काढून विसरले असेन. किती वेळा विसरावं माणसाने? मी घाबरले — पण खरं सांगू? त्याहून जास्त चिडले. मेल्यावरही आईचा माझ्यावर भरवसा नव्हता.

मग तिकडचे पाद्री आले. भर उपासनेत त्यांनी मला उभं केलं. म्हणाले, "रविवारी इडिथला धाप लागते, तेव्हा पलंगाशी कुणीतरी गुडघे टेकलेलं तिला दिसतं. मनगटावर हिरवं गोंदण असलेली बाई. ती म्हणते, ती तूच."

माझ्या मनगटावर गोंदण नाही. आईच्या होतं.

मी पदर हातांवर ओढून घेतला आणि मान खाली घातली. मंडळीला तो विनय वाटला. एक शब्द पुरला असता — मी नाही, आई. नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आली. आईच्या दोन लुगड्यांबरोबर मी ती गोधडीही तिला देऊन टाकली आणि बदल्यात जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेतलं. घासाघीससुद्धा केली. पुढच्या रविवारी खिडकीपाशी काही नव्हतं. मला हायसं वाटलं — हो, हायसंच.

इडिथबाई त्याच रविवारी गेल्या. त्यांच्या बहिणीने कळवलं, शेवटपर्यंत पलंगाची कड चाचपत विचारत होत्या, ती आज का आली नाही?

पातेलं अजून आहे. रोज सकाळी त्यात दूध तापवते.