पंचफुलाच्या नावचा पंखा

चुडाव्याच्या आश्रुबाचा जन्म ताडावर चढण्या-उतरण्यातच गेला. ओढ्याकाठच्या त्या झाडांनी त्याच्या झोपडीला छप्पर दिलं, विहिरीला खोडाची पन्हळ दिली, उन्हाळ्यात लेकरांच्या तोंडात थंडगार ताडगोळे घातले. पोट मात्र भरलं ते पंख्यांवर. पान तोडायचं ते त्यानं. ते दगडाखाली वाळवायचं, गोल कापायचं, कडेला लाल चिंधी शिवायची ते बायकोनं, पंचफुलानं.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. माघात पंचफुला तापानं गेली. मागं तिनं करून ठेवलेल्या पंख्यांची चळत उरली. अक्षयतृतीयेला, म्हणजे आखितीला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर आणि ताडाचा पंखा द्यायची गावाची रीत. दुकानांत विजेचे पंखे फिरायला लागले होते, पण मेलेल्यांना त्याचं काय! एकेक जण मागत आला, आश्रुबा देत गेला. मेलेल्याच्या नावाला नाही कसं म्हणावं? आखितीच्या आदल्या दिवशी शेवटचा पंखा शेजारच्या सुलाबाईनं सासऱ्यासाठी नेला, तेव्हा कुठं या शहाण्याच्या ध्यानात आलं, की यंदा आपल्याही घरचं माणूस गेलंय.

सकाळी तो दोर घेऊन निघाला, तशी सुलाबाई आडवी आली.

"भावजी, हे काय वय हाय व्हय चढायचं? माझाच न्या माघारी."

"दुसऱ्याच्या पितराच्या नावचा कसा घेऊ, वैनी? पडलो तर तिकडंच भेटंन तिला."

एका दमात शेंडा गाठणारा गडी, वाटेत खोडाला मिठी मारून थांबत थांबत चढला. गुडघे थकले होते, कंबर थकली होती. खरं तर माघापासून त्याला जगायचाच कंटाळा आला होता. तरी पान घेऊन उतरला.

पण वाळवायला सवड कुठली? ओलं पान कडेनं वळायला लागलं, टाका घातला की फाटायला लागलं. इतकी वर्षं ती समोर बसून शिवायची, आणि यानं एकदाही नीट बघितलं नव्हतं. दुपार कलली. शेवटी त्यानं ते वेडंवाकडं पान तसंच घागरीवर ठेवलं, चिंधी आणि सुई शेजारी ठेवली आणि हात जोडले.

"पंचफुला, पान आणलंय. पुढचं मला येत न्हाई गं, तुझं तूच शिवून घे."