चकतीवरचं भिरंडेल

माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. क्रूझर मोटरसायकल मी घेतली ती केवळ या कारणासाठी. लोकांना वाटतं बाई हौशी आहे, मिरवायला घेतलीय. तसं काही नाही. स्कूटरची चाकं एवढीशी, आमच्याकडच्या खळग्यांत ती रुतून बसतात. साध्या मोटरसायकलवर बसलं की माझे पाय लोंबकळतात, थांबायची वेळ आली की मी गाडीसकट आडवी. क्रूझरची सीट खाली, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात. चिखलात टाच टेकणं हे काय सुख असतं ते माझ्या उंचीच्या माणसालाच कळेल.

मी उपकेंद्रातली नर्स. पहिली नेमणूक दिग्गी गावात होती, तिथं चालून चालून पायांची सालटी निघाली. मग बदली झाली ती कॅसलरॉकच्या अलीकडे, सासरच्याच गावात. तेव्हा ठरवलं, आता चालणं बास. बेळगावच्या एका वकिलाची जुनी क्रूझर घेतली. काळी, लांब, जड. चालू केली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारून बघायची.

घरात सासू आणि मी, दोघीच. नवरा वास्कोला कंपनीत, पंधरा दिवसांनी रेल्वेनं यायचा. सासूला मी आत्ती म्हणते. गाडी पहिल्यांदा अंगणात उभी केली तेव्हा आत्ती ओसरीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. तिनं गाडी एकदा पुढून, एकदा मागून बघितली आणि म्हणाली, "रेड्यावर यम बसतोय गे. बाईमाणूस न्हाई बसत." झालं. त्यानंतर गाडीविषयी बरं की वाईट, एक अक्षर नाही. मला वाटलं, चला, एका वाक्यात सुटले.

गाडी घेणं सोपं, सांभाळणं म्हणजे दुसरी म्हैस पाळण्यासारखं. आमच्याकडचा पाऊस सगळ्या लोखंडाचा वैरी. दर रविवारी मी गाडी धुवायची, चेनमधला लाल चिखल जुन्या ब्रशनं खरवडायची, मग चेनला तेल. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून सीटखाली डांबरगोळ्या. पुढच्या चाकाला ब्रेकची लोखंडी चकती असते, ती तर एका रात्रीत तांबूस व्हायची. त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, दोनदा ब्रेक दाबला की गंज आपोआप घासून जातो. रामनगरच्या मिस्त्रीनं हे सगळं मला शिकवलं होतं. आत्ती ओसरीवरून हे बघत बसायची. काही विचारायची नाही आणि मीही आपण होऊन काही सांगितलं नाही. मला वाटायचं तिला राग आहे. सून हातात पाना घेऊन अंगणात पाय पसरून बसते, कुठल्या सासूला आवडेल?

त्या पावसात एक मोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं आणि चार दिवस गाडी जागेवरच उभी राहिली. पाचव्या दिवशी झाड काढलं. मी लसींचा डबा मागं बांधला आणि निघाले.

घरापासून डांबरी सडकेपर्यंत निव्वळ चिखल. चिखलात पुढचा ब्रेक दाबायचा नसतो, चाक निसटतं, हे मी पहिल्याच आठवड्यात आपटून शिकले होते. म्हणून सडकेपर्यंत मागच्या ब्रेकवरच आले. सडक लागली, उतार लागला. खाली ओढ्यावरची अरुंद मोरी आणि मोरीवरून वर येणारी बस. मी पुढचा ब्रेक दाबला.

गाडीला त्याचं काहीच नाही. दांडी हाताला नेहमीसारखी घट्ट लागली, पण गाडी आपली चाललीय, उलट जोरातच चाललीय. पुन्हा दाबला, बोटं पांढरी होईस्तोवर दाबला. काही नाही. घाबरून मागचा दाबला तर मागचं चाक सरकून गाडी तिरकी व्हायला लागली. बसचं तोंड समोर आलं. मी हँडल डावीकडे ओढलं आणि गाडीसकट भाताच्या खाचरात जाऊन पडले.

बस थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय वो बाई, बिरेक हाय का न्हाई गाडीला?"

"हाय की!" मी गुडघाभर चिखलातून तेवढ्याच जोरात ओरडले.  कोपर सोलवटलं होतं, लसींचा डबा शाबूत होता, आणि मला काही केल्या डब्याची दोरी सोडता येईना. गाठ दिसत होती, बोटं चालत नव्हती. 

दुसऱ्या नर्सला डबा पोचवायची सोय केली, एका पिकअपमध्ये गाडी घातली आणि रामनगर गाठलं. मिस्त्रीनं चाक फिरवून बघितलं, चकतीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. त्याचा चेहराच बदलला. "अक्का, वास घ्या जरा."

मी वास घेतला. आमच्या भागातल्या लहान पोरालाही तो वास ओळखता येईल. भिरंडेल! कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. लावणीच्या दिवसांत भेगाळलेल्या टाचांना लावतात ते.

"आतनं-भाईरनं, दोन्ही अंगांनी लावलंय," मिस्त्री म्हणाला. "आपसूक लागल्यालं न्हवं ह्ये. कुणीतरी बसून लावलंय. चकतीला त्याल लागलं की बिरेक धरत न्हाई, पॅड पार बाद झाले. चांगल्या वाचलासा."

मी तिथल्या लाकडी बाकावर बसले. कुणीतरी. कुणीतरी म्हणजे कोण? आमच्या घरात भिरंडेल काढतं कोण, गोळे करून ठेवतं कोण? आणि गाडी चार दिवस उभी होती ती आमच्याच अंगणात, परकं माणूस त्या पावसात कशाला फिरकतंय? कानात एकच वाक्य घुमायला लागलं, रेड्यावर यम बसतोय गे. दोन वर्षांचं तिचं ते गप्प बघत बसणं मला एकदम वेगळं दिसायला लागलं. 

माझा स्वभाव मूळचाच तापट. आधी बोलायचं, मग विचार करायचा. गावात फोन लागत नाही, रामनगरात लागतो. मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि म्हणाले, "तुमच्या आईनं मला मारायला बघितलं." असंच म्हणाले, याच शब्दांत, आणि मग तेलाचं, बसचं सगळं एका दमात सांगितलं.  मग तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो," आणि फोन ठेवला.

गाडी मिस्त्रीकडेच ठेवून दुपारच्या बसनं मी घरी आले. वाटभर मनात भांडण जुळवत आले होते, कुठलं वाक्य आधी आणि कुठलं नंतर इथपर्यंत. आत्ती ओसरीवर बसली होती. माझ्या कपड्यांवरचा चिखल बघून उठली. "पडलीस काय गे?"

"घसरले." मी तिच्या समोर उभी राहिले. "आत्ती, गाडीच्या चकतीला काय लावलासा?"

तिचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला. "भिरंडेल. कळलं काय तुला? चार दिस बघत हुते, काय गंज चढला हुता त्या चकतीवर! तू तर भाईर बघंनास. म्हटलं, कोयत्यावानी खाऊन जाईल ती. घासली राखंनं, आन् दोन्ही अंगांनी लावलं चांगलं. ग्येला न्हवं गंज?"

 आमच्याकडे पावसाळ्यात कोयते, विळे, कुदळी, सगळ्याला भिरंडेल चोळून ठेवतात. घरातल्या लोखंडाची काळजी घ्यायची ती अशी. तिच्या लेखी माझी गाडी घरातलं लोखंड झाली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. यंदा बिया थोड्या मिळाल्या होत्या, घरात एकच गोळा उरला होता, तोही चकतीवर गेला होता. माझी नजर तिच्या टाचांकडे गेली. भेगांत चिखल भरला होता.

जुळवलेलं भांडण तोंडातच राहिलं. तेलानं ब्रेक लागत नाही, तुम्ही लावलेल्या तेलानं मी बसखाली जात होते, हे मला सांगवेना. "गेला," एवढंच म्हणाले. ती खूश होऊन चहा टाकायला आत गेली. आणि तेव्हा मला फोन आठवला. मी काय बोलून बसले होते ते आठवलं. आता त्याला सांगायचं कसं? गावात नेटवर्क नाही, हाताशी गाडी नाही.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. उजाडताच स्टेशनची वाट धरली. त्याला वाटेतच गाठायचं, सगळं सांगायचं, आत्तीच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, असं ठरवून झपाझप चालत होते. अर्ध्या वाटेवर एक पिकअप माझ्या अंगावर चिखल उडवून गेला. मी त्याला दोन शिव्या घातल्या. स्टेशनवर पोचले तर रेल्वे येऊन गेलेली. म्हणजे मघाच्या त्या पिकअपमध्ये मागं बसलेला माझा नवराच होता.

मी पळत सुटले. पाच फुटाला दोन बोटं कमी पायांनी जेवढं पळता येईल तेवढं पळाले. अंगणाच्या पायरीशी आले तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला. "आये, खरं सांग. तिच्या गाडीच्या ब्रेकला तेल कशाला लावलंस? बसखाली मेली असती ती! मारायला निघालीस व्हय तिला?"

"अहो, थांबा!" मी ओरडले. "त्यांना म्हाइत नव्हतं, गंज म्हणून लावलं त्यांनी!"

तो वळला. आत्तीनं त्याच्याकडे बघितलंच नाही, ती माझ्याकडे बघत होती. तिला दोन गोष्टी एकदम कळत होत्या, आणि कुठली आधी पेलायची ते तिला कळेनासं झालं होतं.  मग तिनं विचारलं,

"माझ्या तेलानं पडलीस तू?"

"व्हय."

"आन् तुला वाटलं, मी मुद्दाम..."

मला खोटं बोलता आलं असतं. नवऱ्याचा गैरसमज झाला म्हणता आलं असतं. पण ती अशी बघत होती की जीभ वळेना. "व्हय आत्ती," मी म्हणाले. "वाटलं."

ती रडली नाही, भांडली नाही. मी पाय धरले तर तिनं मला उठवलं, "असूंदे गे," म्हणाली आणि कोपराला हळद लावून दिली. हळद लावायच्या आधी विचारलं, "लावू काय?"

मला वाटलं, निभावलं. आता या गोष्टीला दोन वर्षं होतील. आत्ती माझ्याशी बोलते, हसते, माझ्या ताटात वाढते. फक्त माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी विचारते. तिच्याच घरात, छत्री उचलायची तरी विचारते. पावसाची सर येते, अंगणातल्या दोरीवर माझं लुगडं वाळत असतं. ती दोरीपाशी उभी असते, तिथून आत येते, मला शोधते आणि म्हणते, "काढू काय गे?"

मी म्हणते, काढा की आत्ती, विचारता काय. तोवर लुगडं भिजलेलं असतं.